टॉर्च तुम्ही धरा

मी 17 वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे. पहिल्या वर्षी शिफ्टमध्ये मी एकटीच बाई होते आणि मला दोनच कामं मिळायची, टॉर्च धरणं आणि नोंदवही लिहिणं. आता माझ्या हाताखाली मुली शिकायला येतात. पॅनलसमोर बाई उभी दिसली की त्यांना धीर येतो, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पण नुसत्या पाहण्यानं आलेला धीर पहिल्या फॉल्टला गळून पडतो. पुढचा धीर आपण घडवायचा. तुमचं काम वेल्डिंगचं असो वा क्रेन चालवण्याचं, पद्धत फारशी बदलत नाही.

नवी मुलगी येण्याआधीच तिच्या मापाचे हातमोजे आणि सेफ्टी शूज मागवून ठेवा. सैल मोज्यात स्क्रू निसटतो आणि मग ‘हिला जमत नाही’ असा शिक्का बसतो.

पहिल्या दिवशी ‘तुला सगळं जमेल’ असं म्हणू नका. एक काम असं शिकवा की ते पूर्णपणे तिचं असेल. मी सप्लाय खरंच बंद आहे का, हे तपासण्यापासून सुरुवात करते. आयसोलेटर, म्हणजे सप्लाय तोडणारा स्विच, बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं, टॅगवर तिचं नाव, किल्ली तिच्याच खिशात. मग मीटर आधी चालू सप्लायवर लावून बघायचा, नंतर बंद केलेल्या सर्किटवर आणि शेवटी पुन्हा चालू सप्लायवर. हे तिसऱ्यांदा कशाला, हे तिच्याकडूनच वदवून घ्या: मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल तर त्यानं दाखवलेलं शून्य खोटं असतं. हे एकदा कळलं की ती कुणालाही ‘थांबा, अजून हात लावू नका’ असं ठामपणे सांगते. किल्ली तिच्याकडे असेपर्यंत मशीन कुणी चालू करू शकत नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

त्यानंतर खऱ्या फॉल्टवर तिला पुढे करा आणि टॉर्च तुम्ही धरा. हे सगळ्यात अवघड आहे. एकदा एक मोटर सारखी ओव्हरलोडवर ट्रिप होत होती, म्हणजे करंट जास्त झाला की रिले तिला बंद करत होता. एक सहकारी म्हणाला, रिलेचं सेटिंग वाढवून टाका. मुलीनं क्लॅम्प मीटरनं, म्हणजे वायरीभोवती अडकवायच्या मीटरनं, तिन्ही फेजचा करंट मोजला. एका फेजचा बराच कमी, उरलेल्या दोन्हींचा जास्त. सप्लाय बंद करून, तपासून ती एकेक टर्मिनल पाहत गेली. एका लगजवळ, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्याजवळ, वायरचं इन्सुलेशन तपकिरी, कडक झालं होतं. जोड सैल होता. जळका भाग कापून तिनं नवा लग दाबून पक्का बसवला. चाळीस मिनिटं लागली. मला पंधरा लागली असती, हात नुसते शिवशिवत होते. पण मी पकड हातात घेतली असती तर तो फॉल्ट माझा झाला असता. नंतर सुपरवायझरनं मला विचारलं, ‘काय झालं होतं?’ मी म्हटलं, ‘तिनं शोधलंय, तिलाच विचारा.’ हे वाक्य पाठ करून ठेवा, रोज लागतं.

स्वतःच्या चुकाही सांगा, दुरुस्तीसकट. मी एकदा जोडणीत दोन फेजची अदलाबदल केली आणि पंप उलटा फिरला. मग दोन वायरी बदलून तो सरळ कसा केला, हे मी प्रत्येकीला दाखवते.

कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये, ठिणगी दिसली की मी ब्रिटिश शास्त्रज्ञ हर्था एअर्टनची गोष्ट सांगते, पण आधी तिचं काम. दोन कार्बन कांड्यांमधल्या विजेच्या झोतानं, म्हणजे आर्कनं, उजळणाऱ्या दिव्यातला फुसफुस आवाज तापलेल्या कार्बनपर्यंत ऑक्सिजन पोहोचल्यामुळे येतो, हे तिनं दाखवलं. 1899 मध्ये ब्रिटनमधल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेची ती पहिली महिला सदस्य झाली. 1902 मध्ये रॉयल सोसायटीनं ती विवाहित आहे म्हणून तिला फेलो करून घेतलं नाही. त्याच सोसायटीत 1904 मध्ये तिनं स्वतःचा शोधनिबंध वाचला आणि 1906 मध्ये तिथलंच ह्यूझ पदक मिळवलं. आधी काम सांगितलं की मुली तिच्याविषयी हळहळत बसत नाहीत, आर्कबद्दल प्रश्न विचारतात.

चार-पाच महिन्यांनी तिच्या हाताखाली आणखी नवी मुलगी द्या. त्या दिवशी जवळ राहा, पण सुरक्षेचा प्रश्न नसेल तर मध्ये बोलू नका. परवा नव्या मुलीनं विचारलं, ‘मीटर पुन्हा चालू सप्लायवर कशाला?’ दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. मग जुनी तिला म्हणाली, ‘समज, मधेच मीटरचं प्रोब तुटलं, तर?’