ब्रायसीसच्या १४ ओळी : ग्रीक कथांची नवी रूपे कशी वाचावीत

ग्रीक पुराणकथा स्त्रियांच्या आणि देवींच्या बाजूने सांगणाऱ्या कादंबऱ्या हाती आल्या, की बहुतेक जण थेट पहिल्या पानापासून सुरुवात करतात. नाशिकच्या आमच्या छोट्या वाचकगटात क्रम उलटा असतो. मूळ काव्यात त्या स्त्रीला जिथे बोलू दिले आहे, किंवा जिथे गप्प बसवले आहे, ती जागा आधी शोधून वाचावी आणि मगच कादंबरी उघडावी. त्यासाठी संपूर्ण महाकाव्य वाचावे लागत नाही.

सुरुवात ब्रायसीसपासून करावी. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात ग्रीक योद्धा अकिलीस आणि त्यांचा सेनापती अगामेम्नॉन यांचे भांडण विकोपाला जाते ते या युद्धबंदी स्त्रीवरून, पण साडेपंधरा हजारांहून अधिक ओळींच्या त्या काव्यात तिच्या वाट्याला १९व्या सर्गातला १४ ओळींचा विलाप तेवढा येतो. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या शवापाशी ती सांगते, की अकिलीसने माझा नवरा मारला, माझे तीन सख्खे भाऊ गेले, आणि तेव्हा याच पॅट्रोक्लसने मला रडू न देता ‘तुला अकिलीसची लग्नाची बायको करीन’ असा शब्द दिला होता. लगेच होमर सांगतो, की भोवतालच्या स्त्रियाही रडू लागल्या; निमित्त पॅट्रोक्लसचे, पण रडत होती प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. हा उतारा वहीत उतरवून घ्यावा, शेजारी ‘किती ओळी बोलली’ असा रकाना आखावा आणि मग पॅट बार्कर यांची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ (२०१८) वाचावी. नवरा मारणाऱ्याशीच लग्न लावून देण्याचे ते आश्वासन लेखिकेने कसे पेलले आहे, हे पाहिले की पुस्तकाची पारख बरीचशी होते.

याच रीतीने होमरच्याच ‘ओडिसी’ या दुसऱ्या महाकाव्याच्या २२व्या सर्गात फाशी दिलेल्या १२ दासी वाचून मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘द पेनेलोपियाड’कडे (२००५) जावे, तिथे त्या दासींचाच कोरस, म्हणजे एकत्र बोलणारा समूह, आहे.

पाताळाचा देव हेडीस याने पळवून नेलेल्या पर्सेफोनीसाठी तिच्या आईचे, डेमीटर देवीचे, होमरी स्तोत्र (होमरच्या नावाने ओळखले जाणारे) वाचावे. हेडीसने डाळिंबाचा दाणा तिला गुपचूप दिला, असे निवेदक म्हणतो. आईला सांगताना मात्र पर्सेफोनी म्हणते, की त्याने तो बळजबरीने खायला लावला. (सटाण्याकडची डाळिंबे सोलता सोलता आमच्यात यावर भरपूर वाद झाला आहे.) या दोन सांगण्यांमधल्या फटीत नव्या लेखिकेला हवे तेवढे रान मोकळे आहे.

केसांच्या जागी साप असलेल्या मेड्युसाच्या बाबतीत सावध राहावे. अथीना देवीच्या मंदिरात मेड्युसावर झालेल्या अत्याचाराची आणि त्यानंतरच्या शापाची जी कथा आज ‘मूळ’ म्हणून सांगितली जाते, ती रोमन कवी ओव्हिडची आहे. त्याच्या कितीतरी आधीच्या हेसिअड या ग्रीक कवीकडे मंदिर नाही आणि शापही नाही.

दोन-तीन पुस्तके झाली, की हीच वही घेऊन आपल्या पंचवटीकडे यावे. नाशिक हे नाव जिच्या कापलेल्या नाकावरून पडले असे आपण लहानपणापासून ऐकतो, ती शूर्पणखा अरण्यकांडात गप्प नाही: ती रामाशी बोलते, लक्ष्मणाशी बोलते, खराला आणि रावणाला गाऱ्हाणे सांगते. राम-लक्ष्मण तिची थट्टा करतात आणि तिचे भाऊ शस्त्रे उचलतात. त्यामुळे ब्रायसीससाठी आखलेला ‘किती ओळी बोलली’ हा रकाना इथे अपुरा पडतो. शेजारी ‘कोणी ऐकले’ असा दुसरा रकाना आखून घ्यावा.