आंघोळ आणि दुधाची पिशवी: रोजची कामे शिकवण्याची रीत

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला अमुक काम ‘येत नाही’ असे पालक सांगतात, तेव्हा पुष्कळदा ते काम त्याला कोणी सावकाश शिकवलेलेच नसते. सकाळी शाळेची गाडी दारात उभी असते आणि आईला कामावर निघायचे असते, म्हणून शर्टाची बटणे आईच लावून देते आणि मुलगा सतरा वर्षांचा झाला तरी तीच लावत राहते. यात दोष कोणाचाच नाही. मात्र शिकवायचे ठरवलेच असेल, तर सकाळची ही घाईची वेळ त्यातून वगळावी आणि संध्याकाळची वीस मिनिटे केवळ त्या एका कामासाठी राखून ठेवावीत.

काम निवडताना ते रोज घडणारे आहे का, एवढे पाहावे. चाचणीच्या अहवालात ‘मानसिक वय सहा’ असे लिहिलेले असते आणि त्यावरून वीस वर्षांच्या मुलीला मणी ओवायला बसवले जाते, हे मला कधीच पटलेले नाही. तिला स्वतःचे पॅड बदलता येणे आणि स्वतःचा डबा भरता येणे अधिक गरजेचे आहे. सुरुवात कोठून करावी हे उमगत नसेल, तर विशेष शिक्षकांकडे ‘मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टीम’ नावाची तपासणी-सूची मागावी. तिच्यात जेवण, कपडे, स्वच्छता, पैसे, घरकाम असे १८ विभाग असून प्रत्येकात सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या २० बाबी आहेत. मुलाला ज्या बाबीपर्यंत जमते, तिच्या लगेच पुढची बाब शिकवायला घ्यावी.

आता आंघोळीचे उदाहरण घेऊ. ‘जा, आंघोळ करून ये’ या वाक्यात निदान पंधरा कामे दडलेली असतात, आणि ती कोणती हे कळण्यासाठी शिकवणाऱ्याने आधी स्वतः आंघोळ करताना प्रत्येक हालचाल लक्षात ठेवून नंतर लिहून काढावी. कपडे व टॉवेल घेऊन जाणे, आधी गार पाणी सोडणे, मग गरम पाणी मिसळणे, हात घालून पाहणे, नळ बंद करणे, अंगावर चार तांबे घेणे, साबण मानेपासून खाली लावत येणे, काखा व जांघा न विसरणे, साबण धुऊन काढणे, पुसणे, कपडे घालणे, अशी ती यादी होते. बादली किती भरायची हे शब्दांत सांगत बसण्यापेक्षा आतल्या बाजूने रंगीत चिकटपट्टी लावावी. गरम पाण्याच्या नळालाही लाल खूण करावी, पण गरम पाणी मिसळण्याचे काम बराच काळ मोठ्यांकडेच ठेवावे. ज्याला फिट येतात त्याला आतून कडी लावायला शिकवू नये; दार लोटून बाहेर पाटी अडकवण्याची सवय लावावी, म्हणजे आडोसाही राहतो आणि वेळ आली तर आतही जाता येते.

शिकवण्याचा क्रम मात्र उलटा असावा. पहिल्या आठवड्यात सगळी आंघोळ आपण घालावी आणि शेवटचे पुसण्याचे काम तेवढे त्याच्यावर सोपवावे. ते अंगवळणी पडले की शेवटचे दोन तांबे त्याने घ्यावेत, आणि असे मागे मागे सरकत यावे. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली तर मूल मध्येच अडते, मोठी माणसे उरलेले काम हातात घेतात, आणि आपल्याला जमले नाही एवढेच त्याच्या लक्षात राहते. उलट्या क्रमाने शिकवताना काम दर वेळी त्याच्याच हातून पुरे होते.

या सगळ्यात खरी अडचण मुलाची नसून आपल्या तोंडाची असते. एका मुलाच्या घरी मी न्हाणीघराच्या दाराशी उभी होते. आई म्हणत होती, ‘साबण घे, अरे साबण, बाळा तो बघ साबण’. मुलगा प्रत्येक पायरीला थांबून तिच्याकडे पाहत होता, आणि तिने शब्द उच्चारल्यावरच त्याचा हात हलत होता. त्याच्या दृष्टीने आईचा आवाज हीसुद्धा आंघोळीतली एक पायरी होती. म्हणून मदत करायची तर मागे उभे राहून, न बोलता, कोपराला हलकासा स्पर्श करून किंवा वस्तूकडे बोट दाखवून करावी, आणि त्याआधी मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. वहीत प्रत्येक पायरीसमोर ‘हात धरून’, ‘खुणेने’, ‘सांगून’ किंवा ‘स्वतः’ असे एकच उत्तर रोज लिहावे. दोन आठवडे तीच नोंद पडत राहिली, तर ती पायरी आणखी लहान करावी.

हाच क्रम दुकानातून दुधाची पिशवी आणण्यालाही लागू पडतो, पण तेथे पैसे आडवे येतात. प्लास्टिकच्या खेळण्यातल्या नाण्यांवर वेळ घालवू नये. खऱ्या नोटांनी आणि रंगांवरून शिकवावे. दहाची चॉकलेटी, पन्नासची निळी, शंभरची फिकट जांभळी आणि पाचशेची करडी हे रंग लवकर ओळखू येतात. वीसची हिरवट पिवळी आणि दोनशेची पिवळी यांत मात्र फसगत होते, म्हणून या दोन नोटा सुरुवातीला पाकिटात एकत्र ठेवू नयेत. ज्याला बेरीज येत नाही, त्याला ‘अर्ध्या लिटरच्या पिशवीला ही नोट’ एवढी जोडी पुरते. उरलेले पैसे हातात पडेपर्यंत दुकानातून हलायचे नाही, ही त्यातली स्वतंत्र पायरी समजावी.

दुकानदाराशी आधी बोलून ठेवणे अत्यावश्यक आहे. तो चांगला माणूस असतो, आणि तीच पंचाईत होते: मूल दिसताच तो पिशवी पुढे करतो, त्यामुळे मागण्याची वेळच येत नाही. ‘काका, त्याने मागितल्याशिवाय देऊ नका’ असे स्पष्ट सांगावे. मुलाला बोलता येत नसेल, तर दुधाच्या पिशवीचे चित्र असलेले कार्ड त्याने पुढे करावे. पहिले काही दिवस पालकांनी वीस पावलांवर उभे राहावे, मग कोपऱ्यावर, मग घराच्या गॅलरीत. एकदा दुकान बंद असताना मुद्दाम पाठवावे आणि रिकाम्या हाताने परत येणे हेही बरोबरच आहे, हे त्याला दाखवून द्यावे.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अशा मुलांसाठी अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक, म्हणजे त्यांच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती, नेमता येतो, आणि अनेक घरे नेमणुकीचा तो कागद हाती आल्यावर सगळेच निर्णय स्वतःकडे घेतात. निळा शर्ट की पांढरा, आधी चहा की आधी आंघोळ, हे विचारायला तो कागद आड येत नाही.

घरी जमलेले काम दुसरीकडे मोडते, हे गृहीत धरून चालावे. मामाकडे गरम पाण्याचा नळ डावीकडे असतो आणि तांब्याच्या जागी दांड्याचा मग असतो, तेवढ्यानेही मूल गोंधळून उभे राहते. म्हणून पायऱ्यांच्या चित्रांची पट्टी प्रवासाच्या पिशवीत टाकावी, पहिली आंघोळ आपल्या देखरेखीखाली करवावी, आणि मामींच्या बादलीलाही रंगीत चिकटपट्टी लावावी. निघताना ती सहज काढता येते.