दंगलीनंतर मानवाधिकार आयोगाकडे तक्रार कशी लिहावी

धुळ्यात जानेवारी २०१३ च्या दंगलीत पोलीस गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. अशा वेळी वकील आणि फीशिवाय दाद मागता येते ती मानवाधिकार आयोगाकडे. सरकारपासून स्वतंत्र आयोग कसा असावा, हे संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये मंजूर केलेल्या पॅरिस तत्त्वांत ठरले. आपला मानवाधिकार संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा.

आधी आयोग निवडा: मुंबईचा राज्य आयोग किंवा दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. दोन्हीकडे अर्ज टाकू नका, कारण राज्य आयोगापुढे असलेल्या प्रकरणात दिल्ली हात घालत नाही. घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे, ती पाळाच. अर्ज मराठीत चालतो. साक्षीदार अहिराणी किंवा पावरी बोलणारा असेल, तर त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून खाली मराठी अर्थ द्या.

बहुतेकांची चूक इथे होते: 'जमावाने दुकान जाळले' एवढ्यावर आयोग तक्रार घेत नाही. सरकारी माणसाने काय केले किंवा काय करायचे टाळले, ते लिहावे लागते. ११२ ला किती वाजता फोन केला, पोलीस किती वाजता आले, कोणत्या ठाण्याचे होते, चौक कोणता. फोनमधल्या कॉल नोंदीचा फोटो जोडा. रोखण्यातला हलगर्जीपणाही कायद्यात बसतो. निनावी, मोघम किंवा न वाचता येणारा अर्ज फेटाळला जातो. अर्ज दुसऱ्याच कार्यालयाला उद्देशून लिहून आयोगाला नुसती प्रत पाठवली तरी तेच.

कागद पहिल्या काही दिवसांतच गोळा करा. जखमीची सरकारी दवाखान्यातली नोंद, एफआयआरची प्रत (ती मोफत मिळते), तहसीलचा पंचनामा. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पावती जपा. दुकानांच्या सीसीटीव्हीवर जुने चित्रण लवकर पुसले जाते, म्हणून ते राखून ठेवण्याची लेखी मागणी ठाण्याकडे लगेच करा.

मागणीत स्पष्ट लिहा की चौकशी त्याच ठाण्याकडे देऊ नये. राष्ट्रीय आयोगाच्या तपासात पोलीस अधिकारीच असतात, हा आक्षेप मानवाधिकार आयोगांच्या जागतिक संघटनेनेही घेतला आणि २०२३ व २०२४ मध्ये भारताच्या मानांकनाचा निर्णय पुढे ढकलला. हा मुद्दा अर्जात जरूर मांडावा.

पुढे पोलिसांचा अहवाल तुमच्याकडे म्हणणे मागण्यासाठी येऊ शकतो. मुदतीत उत्तर द्या, नाहीतर फाईल बंद होऊ शकते. आयोग शेवटी शिफारसच करतो. सरकारने ती पाळली नाही, तर खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठ आहे.