एमजीबीमध्ये फोर्डचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवताना

1962 ते 1980 या काळात तयार झालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे 1798 सीसीचे इंजिन अजूनही दमदार वाटते, पण चौथ्या गिअरमध्ये ताशी 100 किलोमीटर वेग धरला की ते मिनिटाला सुमारे 3500 फेरे घेते आणि लांबच्या प्रवासात त्याचा आवाज कंटाळा आणतो. 1980च्या दशकातील फोर्ड सिएराचा ‘टाइप नाइन’ गिअरबॉक्स बसवल्यास पाचव्या गिअरच्या 0.82 गुणोत्तरामुळे त्याच वेगाला हे फेरे 2850च्या आसपास येतात. मात्र गाडीत मूळचा ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडयंत्रणा) असेल आणि तो नीट चालत असेल, तर हा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण उत्तरकालीन ओव्हरड्राइव्हचे गुणोत्तरही 0.82च आहे.

गिअरबॉक्स निवडताना त्याची सर्व गुणोत्तरे पाहावीत. चार सिलिंडरच्या सिएरातील गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर 3.65 आणि दुसरा 1.97 असतो, तर एमजीबीच्या 1967नंतरच्या गिअरबॉक्समध्ये हेच आकडे 3.44 आणि 2.17 आहेत. म्हणजे फोर्डचा पहिला गिअर फार लवकर संपतो आणि दुसऱ्यात जाताना इंजिनाचे फेरे एकदम खाली येतात. व्ही-सिक्स इंजिनाबरोबर येणाऱ्या गिअरबॉक्सचा 3.36चा पहिला गिअर या गाडीला अधिक शोभतो, पण त्याचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून फिरणारा पुढचा दांडा) लांब असल्याने बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे घंटेच्या आकाराचे कवच) आणि शाफ्ट यांचा मेळ आधीच ठरवून घ्यावा लागतो. शिवाय 1962 ते 1967च्या आणि त्यानंतरच्या गाड्यांमध्ये इंजिनाची मागची प्लेट वेगळी असते, त्यामुळे ॲडॉप्टर बेलहाउसिंग मागवताना गाडीचे वर्ष आणि इंजिनाचा प्रकार दोन्ही कळवावेत.

एमजीबीचा गिअरबॉक्स खालून एकटा निघत नाही. बॅटरी सोडून, रेडिएटर काढून, इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर उचलावे लागतात. इंजिन बाहेर आलेच आहे, तर क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग याच वेळी तपासावा. क्लच प्लेटचा व्यास फ्लायव्हीलला जुळणारा, पण तिचे मधले दाते फोर्डच्या शाफ्टला जुळणारे हवेत. क्रँकशाफ्टच्या टोकातील मूळ बुशही (शाफ्टच्या टोकाला आधार देणारी धातूची नळीही) फोर्डच्या शाफ्टच्या टोकाला जुळत नाही, तेथे पायरीचे बुश बसवावे.

या कामातील खरी कसोटी मोजमापाची आहे. बेलहाउसिंग इंजिनावर कसल्यानंतर फ्लायव्हीलवर डायल गेज लावून क्रँक हाताने पूर्ण फिरवावा आणि मागच्या मध्यछिद्राच्या कडेवर काटा किती सरकतो ते पाहावे. काटा एकूण 0.25 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकल्यास बेलहाउसिंग मध्यावर नाही असे समजावे आणि डॉवेल पिना (बेलहाउसिंगची जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) सुधारून पुन्हा मोजावे. हे टाळल्यास इनपुट बेअरिंग आणि बुश अकाली झिजतात. त्यानंतर बेलहाउसिंगच्या तोंडापासून बुशपर्यंतची खोली आणि शाफ्टची पुढे आलेली लांबी व्हर्नियरने मोजून, शाफ्टचे टोक क्रँकला टेकण्यापूर्वी दोन-तीन मिलिमीटर जागा राहते याची खात्री करावी. गिअरबॉक्स शेवटपर्यंत हाताने सरकला पाहिजे. फट राहिली म्हणून बोल्ट आवळून ओढून घेणे ही या कामातील सर्वांत महागडी चूक होय. गिअरबॉक्सचे वजन शाफ्टवर लोंबकळू दिल्यास क्लच प्लेटही वाकते, म्हणून त्याला सतत जॅकचा आधार द्यावा.

एमजीबीचा मूळ प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा) येथे चालत नाही, कारण टाइप नाइनमध्ये सरकता योक (शाफ्टच्या टोकाचा आत-बाहेर सरकणारा जोड) गिअरबॉक्सच्या शेपटीत शिरतो. नव्या शाफ्टची लांबी गाडी चारही चाकांवर उभी असताना मोजावी. टांगलेल्या गाडीत मागचा ॲक्सल खाली उतरलेला असल्याने माप फसते. योक आत टेकण्यापूर्वी साधारण 20 मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी, दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत असावेत आणि शाफ्ट बॅलन्स करून घ्यावा. गिअरबॉक्सचा अक्ष आणि मागच्या ॲक्सलमधील डिफरन्शिअलच्या पिनियनचा (शाफ्टला जोडलेल्या लहान गिअरचा) अक्ष समांतर यावेत यासाठी मागच्या माउंटिंगखाली पातळ पट्ट्या घालाव्या लागतात. ठरावीक वेगाला जमिनीतून येणारी थरथर पुष्कळदा याच कोनाच्या फरकामुळे येते, आणि लोक मात्र आधी चाके बॅलन्स करत बसतात.

तेल शाफ्ट बसवल्यानंतरच भरावे, अन्यथा उघड्या शेपटीतून ते गळून जाईल. मूळ गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइल चालत असे; येथे जीएल-4 दर्जाचे गिअर ऑइल, गाडी समतल ठेवून, बाजूच्या छिद्रातून ओघळेपर्यंत भरावे.

स्पीडोमीटर मात्र सुधारावाच लागतो. केबलचे वरचे टोक मोकळे करून तिला कागदाचा बाण चिकटवावा, गाडी सरळ रेषेत 52.8 फूट ढकलावी आणि बाणाचे फेरे मोजावेत. हे अंतर मैलाचा शंभरावा भाग असल्याने फेऱ्यांना 100ने गुणले की दर मैलाचे फेरे मिळतात. डायलवर छापलेल्या आकड्याशी ते जुळत नसतील, तर दुरुस्ती करणाऱ्याकडे हाच आकडा द्यावा. पहिल्या 500 किलोमीटरनंतर माउंटिंगचे आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळून, शेपटीचे सील कोरडे आहे का ते पाहावे.