विशी-पंचविशीत स्वतःचं हृदय कसं मोजावं

आमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर पहाटे पोलीस भरतीची पोरं-पोरी पळत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि सेकंदासेकंदाचा हिशोब तोंडपाठ. बीपी किती, असं विचारलं की मात्र सगळे गप्प. "मॅडम, मी तं रोज पळतो, मले काय होते?" शारीरिक शिक्षण शिकवायला लागले तेव्हापासून हे उत्तर ऐकते आहे. पळता येणं उत्तमच. पण बीपी, कोलेस्टेरॉल आणि साखर वाढली तरी कुठे दुखत नाही, आणि चांगला पळणाराही त्यातून सुटलेला नसतो. इंटरहार्ट या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचं मधलं वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ निघालं, बाकीच्यांत ५९ च्या आसपास. त्या अटॅकची तयारी शरीरात विशीपासूनच सुरू झालेली असते. सरकारी बीपी-शुगर तपासणी मोहीम तिशीच्या पुढच्यांसाठी आहे, म्हणून त्याआधीची वर्षं तुमची तुम्हालाच सांभाळायची आहेत.

"ईसीजी काढला, नॉर्मल आला" म्हणून निश्चिंत होऊ नका. ईसीजी त्या क्षणाची विद्युत लय दाखवतो, हृदयाच्या रक्तवाहिनीत साचत चाललेली चरबी दाखवत नाही. तरुणपणी खरा उपयोग साध्या आकड्यांचा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये आठ गोष्टींची यादी पक्की केली: आहार, व्यायाम, निकोटीन, झोप, वजन, कोलेस्टेरॉल, साखर आणि बीपी. प्रत्येकीला शंभरपैकी गुण आणि मग सरासरी. ८० च्या वर असेल तर छान, ५० च्या खाली असेल तर काळजीचं. मला यात आवडतं ते हे की एकट्या पळण्यावर कोणी पास होत नाही.

सुरुवात बीपीपासून करा, कारण सगळ्यात जास्त चुकीचं तेच मोजलं जातं. परवा एक मुलगा राउंड मारून थेट माझ्या टेबलाशी आला. बाकाच्या कडेवर टेकला, पाय लोंबकळत, एका हातात मोबाइल, मित्राशी बोलणं चालू. आकडा आला १४८/९२ आणि त्याचा चेहरा उतरला. मोबाइल बाजूला ठेवायला लावला, पाठ टेकवली, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, आणि पाच मिनिटं गप्प बसवलं. पुन्हा मोजलं तर १२४/७८. यंत्र तेच, पोरगाही तोच.

म्हणून घरी मोजताना आधीचा अर्धा तास चहा नाही, व्यायाम नाही, सिगारेट नाही आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण) तर नाहीच, कारण निकोटीनने नाडी आणि बीपी दोन्ही लगेच चढतात. लघवीला जाऊन या. पट्टा उघड्या दंडावर बांधा, शर्टाच्या बाहीवर नाही. मनगटावरचं यंत्र घेऊ नका. जिममध्ये दंड कमावलेला असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा आकडा उगाच वाढवून दाखवतो. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं मोजा आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे वापरा. वरच्या आकड्यात सतत १० पेक्षा जास्त फरक दिसला तर डॉक्टरांना दाखवा. मग सात दिवस सकाळी चहाआधी आणि रात्री, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. १२० आणि ८० च्या खाली असेल तर बरं. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर वय बावीस असलं तरी डॉक्टरांकडे जा. मधेच कुठेतरी असेल तर तर्री, शेव, चिवडा, लोणच्यातलं मीठ कमी करा आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजा.

आता टेप घ्या. पँटचा कमरेचा नंबर इथे कामाचा नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप आडवी धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटर ही आपल्या लोकांसाठीची सीमा. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २३ च्या पुढे गेला की आपल्याकडे तो जास्तच धरतात. हातपाय बारीक आणि पोट पुढे अशी पोरं वजनकाट्यावर सुटतात, टेपवर सापडतात.

नाडी सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच मोजा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट. साधारण ६० ते १०० ठीक. कसून पळणाऱ्यांची ५० च्या खालीही असते. मधूनमधून ठोका चुकतोय असं वाटलं तर तसं लिहून ठेवा. घड्याळ नाडी बऱ्यापैकी सांगतं, पण त्याच्या बीपीवर विसंबू नका.

दम मोजायला बारा इंच उंचीची पक्की पायरी पुरते. मेट्रोनोमचं, म्हणजे ठराविक तालात टकटक करणारं ॲप मिनिटाला ९६ वर लावा आणि प्रत्येक टकटकीला एक पाऊल: वर, वर, खाली, खाली, तीन मिनिटं. थांबल्याबरोबर बसा आणि पाच सेकंदांच्या आत नाडी मोजायला लागा, पूर्ण मिनिटभर. तो आकडा दर महिन्याला कमी होत गेला तर हृदय तयार होतंय. शेजाऱ्याशी तुलना नको. आणि हवामान सांभाळा: मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकतो, त्या उष्णतेत नाडी आपोआप चढते, त्यामुळे मे आणि डिसेंबरचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. पहाटेच करा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, ताप असेल किंवा सिकलसेलचा (तांबड्या पेशींचा आनुवंशिक) आजार असेल तर ही टेस्ट करूच नका.

रक्ताच्या तपासण्या एकदा तरी कराच. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे पहिलं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, अठराव्या वर्षीच करायचं, आणि त्यासाठी उपाशी राहणं सक्तीचं नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १०० च्या खाली हवं. १९० किंवा वर असेल तर तो घराण्यातून आलेला दोष असू शकतो. पथ्यावर न थांबता डॉक्टर गाठा. लायपोप्रोटीन-ए हा रक्तातल्या चरबीचाच एक प्रकार आयुष्यात एकदा मोजायचा, कारण त्याचं प्रमाण मुख्यतः जन्मजात ठरतं. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका जास्त. साखर उपाशीपोटी १०० च्या खाली, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.७ च्या खाली.

या शेवटच्या आकड्यापाशी विदर्भातल्यांनी थांबायला हवं, कारण इथे सिकलसेल बराच आढळतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून एचबीए१सी खोटंच कमी येतं. तुम्ही फक्त वाहक असाल तरी लॅबमध्ये सांगा, काही पद्धतींत आकडा चुकतो. लोह कमी असलेल्या मुलींत उलट तो वाढलेला दिसू शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची साखर धरा.

हे सगळे आकडे एका वहीत लिहा, आणि त्या वहीत घरच्यांचंही एक पान असू द्या. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल तर ते डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायचं. त्याच पानावर झोपेचे तास लिहा. सात ते नऊ हवेत. आणि दिवसाचे खर्रे खरे लिहा. "सिगारेट नाही पित" म्हणणाऱ्याच्या खिशात पानठेल्यावरून घोटून आणलेली पन्नी असते, आणि त्यातही तंबाखूच असतो. मी हे पान कोणाच्या घरी दाखवत नाही, म्हणून मुलं खरं लिहितात.

वही घेऊन वर्षातून एकदा ओळखीच्या डॉक्टरांकडे किंवा नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत जा. पळताना छातीत दाब येऊन तो डाव्या हातात किंवा जबड्यात गेला, किंवा धावता धावता शुद्ध हरपली, तर मोजमाप करत बसू नका. पळणं तिथेच थांबवा आणि १०८ ला फोन लावा.