कोपर दिसतंय म्हणजे आरसा चुकलाय

माझं काम पुण्यात लिफ्टच्या मेंटेनन्सचं. सकाळी वारजे, दुपारी बावधन, मध्येच सिंहगड रोडवरून फोन की माणूस आत अडकलाय. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर युनिकॉर्न मोटरसायकलवर, मागच्या सीटवर अवजारांची बॅग बांधलेली. पंचवीस वर्षं दुचाकीवर हेच काम चाललंय, त्यामुळे गाडीच्या आरशांबद्दल आपल्याला कोणी शिकवायला नको, असा माझा समज होता.

दोन वर्षांपूर्वी वारज्याजवळ सर्व्हिस रोडवर पुढची रिक्षा अचानक थांबली. उजव्या आरशात पाहिलं, रस्ता मोकळा. इंडिकेटर दिला, उजवीकडे सरकलो आणि कानाशीच हॉर्न वाजला. टेम्पो माझ्या मांडीला लागून होता. आरशात नव्हता, कारण आरशाच्या नजरेतून तो केव्हाच पुढे निघून आला होता. डोळ्याच्या कोपऱ्यात नव्हता, कारण तिथे हेल्मेटची कड आडवी. पडलो नाही, पण बॅगेचा पट्टा फाळक्याच्या कडीत अडकून तुटला आणि पान्यांचा सेट रस्त्यावर पसरला. टेम्पोवाल्याने गाडी बाजूला घेऊन पाने गोळा करायला मदत केली. जाताना एवढंच म्हणाला, “काका, मी मगापासून तुमच्या शेजारीच आहे.”

त्याच संध्याकाळी मी मोठ्या आरशावर चिकटवायचे, शेजारचं न दिसणारं वाहन दाखवणारे छोटे गोल फुगीर आरसे आणले आणि लावून टाकले. तिथेच चुकलो. छोटा आरसा हे शेवटचं काम आहे. माझे मोठे आरसेच चुकीचे लागले होते. आतला एक तृतीयांश भाग माझं स्वतःचं कोपर दाखवत होता आणि पंचवीस वर्षांत मला ते खटकलं नव्हतं.

म्हणून आधी मोठे आरसे. गाडी मेन स्टँडवर लावून हे काम करू नका. मेन स्टँडवर गाडीचा तोल वेगळा असतो आणि साइड स्टँडवर ती डावीकडे कललेली असते. कोणाला तरी हँडल धरायला सांगा आणि रोजच्यासारखे बसा. म्हणजे खरोखर रोजच्यासारखे: जॅकेट घालत असाल तर जॅकेट, पाठीवर सॅक असेल तर सॅक, डोक्यावर हेल्मेट. बनियनवर बसून लावलेला आरसा हिवाळ्यात जॅकेट चढवलं की नुसती बाही दाखवतो.

आता आरशाची काच फिरवायच्या आधी दांडी बघा. बहुतेक जण काच हाताने दाबून फिरवत राहतात आणि दांडी कंपनीतून आली तशीच आतल्या बाजूला वळलेली राहते. दांडीच्या बुडाशी तिला घट्ट धरून ठेवणारा नट, म्हणजे चेकनट, ढिला करा, दांडी जेवढी बाहेर जाईल तेवढी न्या, मग चेकनट आवळा. मग काच फिरवा. काचेच्या आतल्या कडेला तुमच्या दंडाची एक बारीक रेघ दिसली पाहिजे, त्याहून जास्त नाही. रेघ अजिबात नसली तर तुम्ही मागे बघताय की बाजूला, हे मनाला कळत नाही. मागचा रस्ता जिथे आभाळाला टेकतो ती रेषा काचेच्या साधारण मध्यावर असू द्या.

एक सांगून ठेवतो. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना उजव्या आरशाला उलटे आटे असतात, म्हणजे नेहमीच्या आवळायच्या दिशेने फिरवला की तो सुटतो. आरशाला समोरून काही लागलं तर तो तुटण्याऐवजी ढिला होऊन फिरावा म्हणून. माझ्या साडूने ते माहीत नसताना जोर लावून सगळे आटे घालवले.

एवढं करूनही दांडी आखूड पडत असेल, तर आरसा बाहेर सरकवणारे जोडतुकडे मिळतात. पुण्यात नाना पेठेत कुठल्याही स्पेअर्सच्या दुकानात विचारा. नेताना जुनी दांडी सोबत न्या आणि आटे दुकानातच फिरवून बघा. अर्ध्या इंचाचा तुकडा घातल्यावर कोपर काचेतून निघून गेलं आणि छोट्या आरशाची गरजच उरली नाही, असंही होतं. दोनशे रुपये वाचले असं समजा.

गरज उरली, तर निवड. आमच्या कामात बेसमेंट पार्किंग रोजचं. तिथे रॅम्पच्या वळणावर मोठा फुगीर आरसा लावलेला असतो. त्यात अख्खं बेसमेंट दिसतं, पण समोरून येणारी गाडी आपल्यापासून दहा फुटांवर आहे की पन्नास, ते सांगता येत नाही. गाडीवरचा छोटा आरसा म्हणजे तोच आरसा, दोन इंचांत. काच जितकी फुगीर तितकं दृश्य रुंद, आणि तितकीच प्रत्येक वस्तू बारीक आणि लांब गेल्यासारखी. आपल्या मोटरसायकलींचे मोठे आरसेही बहुतेक थोडे फुगीर असतातच, त्यामुळे मागचं वाहन दिसतं त्यापेक्षा जवळ असतं. छोट्या आरशात तर मोठ्यात अंगठ्याच्या नखाएवढी दिसणारी मोटरसायकल तांदळाच्या दाण्याएवढी होते.

म्हणून जास्तीत जास्त रुंद दाखवणारा आरसा घेऊ नका. दुकानदार तोच पुढे करेल. माझी दुकानातली परीक्षा अशी: दाराकडे पाठ करून उभं राहायचं, आरसा हात जवळजवळ लांब करून धरायचा, म्हणजे हँडलवर असेल तेवढ्या अंतरावर, आणि त्यात मागच्या दाराची चौकट बघायची. चौकट कमानीसारखी वाकलेली दिसली तर परत ठेवायचा. जरा वाकली, पण दारातून आत आलेला माणूस बाई आहे की पुरुष एवढं ओळखता आलं, तर घ्यायचा.

पन्नाशीच्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट, जी मला चष्म्याच्या दुकानात समजली. मी बावन्नचा. पहिल्यांदा लावलेल्या आरशात मला सगळं धूसर दिसायचं, म्हणून मी काच पुसत बसायचो. काच स्वच्छच होती. सपाट आरशात मागचा ट्रक डोळ्याला लांबच असतो. खूप फुगीर आरशात मात्र त्याची प्रतिमा काचेच्या मागे वितभरावरच तयार होते. म्हणजे डोळ्याला रस्त्यावरून नजर काढून हातभर अंतरावरचं वाचायला लावल्यासारखं. चाळिशी लागलेल्या डोळ्याला ते पटकन जमत नाही. पोरगी विशीची, तिला त्याच आरशात नंबर प्लेटचा रंगसुद्धा दिसत होता. तेव्हा मुलाने निवडलेला आरसा वडिलांनी डोळे झाकून लावू नये. कमी फुगीर घ्या.

बाकी निवड सोपी. प्लॅस्टिकची चौकट असलेल्यात पावसाळ्यात चिखल आणि पाणी कडेला साचतं, म्हणून मी बिनचौकटीचा घेतो. पण बिनचौकटीच्या पातळ काचेला पातळ टेप असते आणि मोठा आरसा फुगीर असल्यामुळे ती मधेच टेकते, कडा अधांतरी राहतात. मागे जाड फोमची डबल टेप असेल तर हा फरक भरून निघतो. फिरवता येणारे, चेंडूसारख्या सांध्यावरचे आरसे दिसायला सोयीचे, पण एका सिलिंडरच्या गाडीच्या थरथराटात ते आपोआप फिरतात. आणि हँडलच्या टोकाला लावायचे? दिसतं छान, कोपर आड येत नाही हे खरं. पण बाहेर आलेला तो आरसा सिग्नलला दोन गाड्यांमधून निघताना पहिला आपटतो. शहरात रोज फिरणाऱ्याने त्या फंदात पडू नये, असं माझं मत. आकार लहानच ठेवा. युनिकॉर्नच्या आरशावर दोन इंची गोल लावला तर मोठ्या आरशाचा बराच भाग झाकला जातो. मी दीड इंचावर आलो.

आता चिकटवायचा कुठे? मोटारीवर तो बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात लावतात, ते पाहून मीही तसंच केलं होतं. मोटारसायकलवर त्या कोपऱ्यात शेजारची लेन दिसत असते. म्हणजे कामाची जागा मीच झाकली. छोटा आरसा कुठली दिशा दाखवेल, ते त्याचं तोंड कुठे आहे यावर ठरतं, तो कुठल्या कोपऱ्यात बसलाय याने फारसं बिघडत नाही. तेव्हा त्याला फुकट जाणारी जागा द्या: आतला खालचा कोपरा, जिथे ती दंडाची रेघ आणि बॅगेचा कोपरा दिसतो. तिरक्या बुडाचा आरसा असेल तर त्याची जाड बाजू आतल्या अंगाला, म्हणजे टाकीकडे ठेवायची. मग तोंड बाहेर वळतं. उलटा लावला तर छोट्या आरशात तुम्हाला अगदी स्वच्छ तुमचंच जॅकेट दिसेल. माझं दिसत होतं.

पण टेपवरचा कागद अजून काढू नका. आधी चालून बघायची परीक्षा. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी हेल्मेट घालून गाडीवर बसलो, बायकोने हँडल धरलं आणि लेकीच्या हातात खडू दिला. गाडीच्या उजवीकडे साडेतीन मीटरवर, म्हणजे एका लेनच्या रुंदीएवढ्या अंतरावर, गाडीला समांतर रेघ ओढली. गाडी आणि रेघ यांच्या मधोमध, मागून पुढे, ती हळूहळू चालत आली. छोटा आरसा मी साध्या चिकटपट्टीने तात्पुरता अडकवला होता.

“बाबा, आता दिसते?”

“मोठ्यात दिसतेस.”

“आता?”

“मोठ्यातून चाललीस... छोट्यात आलीस.”

“आता?”

आता ती कुठेच नव्हती. छोट्यातून गेली होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यात अजून यायची होती. जिथे थांबली होती तिथे तिने खडूने फुली मारली. दोन पावलांची जागा. त्या दोन पावलांत अख्खी स्कूटर मावते. आरशाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून तोंड आणखी बाहेर केलं, ती परत मागे गेली, परत चालत आली. चौथ्या वेळी मोठ्यातून जायच्या आधी छोट्यात दिसली आणि छोट्यातून जायच्या आधी डोळ्याच्या कोपऱ्यात. ही साखळी कुठे तुटत नाही ना, एवढंच बघायचं असतं. समोरच्या विंगमधले एक आजोबा बाल्कनीतून विचारत होते, लग्नाची मिरवणूक आहे का.

डावी बाजूही अशीच करा. कायद्याने ओव्हरटेक उजवीकडून असला तरी आपल्याकडे डावीकडून किती जण घुसतात, हे सांगायला नको.

जागा ठरली की काचेवर मार्करने ठिपके करा. काच साबणाने धुऊन कोरडी करा, मग स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. नुकतंच पॉलिश केलेल्या काचेवर काहीही चिकटत नाही. आरसा ठेवून अंगठ्याने अर्धा मिनिट दाबा, मारू नका. फोमच्या चांगल्या टेपला पूर्ण ताकद यायला 72 तास लागतात, पण पहिल्या दिवसातच तिचा बराचसा जोर येतो. निदान तो एक दिवस गाडी पावसात आणि धुण्यात घालू नका. मी शुक्रवारी रात्री लावतो. टेप स्वस्तातली वाटली तर ती सोलून नावाजलेल्या कंपनीची लावा. आरसा शंभराचा असला तरी चालेल, टेप चांगली हवी.

वापरायची सवय लागायला मला आठवडा गेला. पहिले दोन दिवस नजर सारखी त्या छोट्या गोलाकडे जायची आणि पुढचं बघायचं राहून जायचं, म्हणून ते दोन दिवस मी कर्वेनगरच्या आतल्या गल्ल्यांतूनच फिरलो. छोट्या आरशाला एकच प्रश्न विचारायचा: शेजारी कोणी आहे का? आहे, तर सरकायचं नाही. किती लांब आहे, किती वेगात येतोय, हे त्याला विचारायचं नाही. ते मोठ्या आरशाचं काम. आणि दोघांनीही मोकळं सांगितलं तरी सरकायच्या आधी हनुवटी खांद्याकडे नेऊन एक नजर. वळून मागे बघायचं नाही, फक्त हनुवटी खांद्यापर्यंत. नवले पुलाच्या उतारावर तर मी हे दोनदा करतो, तिथे मागून येणाऱ्या ट्रकचा वेग आरशात कळत नाही.

रात्री छोट्या आरशात दिव्यांचा चकचकाट कमी जाणवतो, हा एक फायदा. पावसात मात्र त्याच्यावर एक थेंब बसला की अर्धा आरसा गेला. सिग्नलला बोटाने पुसणे हाच उपाय. आरसा थरथरून चित्र फाटत असेल तर छोट्याला दोष देऊ नका, आधी चेकनट आवळा.

आणि तो चुकीच्या जागी लागलाच, माझा लागला होता तसा, तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, खालची मोठी काच तडकते. हेअर ड्रायरने टेप गरम करा, मग मासेमारीचा नायलॉनचा दोरा मागून घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढा. दोन मिनिटांत सुटतो. उरलेला फोम अंगठ्याने चोळत गेलं की गोळ्या होऊन निघतो. माझे जुने दोन्ही आरसे असेच काढले आणि लेकीने ते आपल्या ॲक्टिव्हाला लावले. तिला खडूने रेघ ओढायला मी होतोच.