बहिणीचं लग्न पुण्यात आणि तुम्ही अमेरिकेत एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, जायचं का?
तिकिटं बघायच्या आधी पासपोर्ट काढा, त्यात चिकटवलेल्या व्हिसाची, म्हणजे स्टॅम्पची, तारीख बघा. स्टॅम्प चालू असेल, नोकरी तीच असेल तर सरळ निघा. पण स्टॅम्प संपलाय आणि नुसता आय-७९७ (एच-१बी मंजूर झाल्याचा कागद) हातात आहे, तर परत यायला नवा स्टॅम्प लागतोच, म्हणून आधी मुंबईची, बीकेसीतल्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळते का बघा मग सुट्टी मग तिकीट, आणि तिथे २२१(जी) ची स्लिप, म्हणजे व्हिसा पुढच्या तपासणीसाठी अडकल्याची चिठ्ठी, हातात पडली तर कितीही आठवडे जाऊ शकतात, तेव्हा तिकडून काम चालेल का हे मॅनेजरला आत्ताच विचारा. अजून एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल आणि एच-१बी वर जायचा अर्ज (चेंज ऑफ स्टेटस) पेंडिंग असेल तर मात्र माझं स्पष्ट मत, जाऊ नका, देश सोडला की तो अर्ज सोडून दिला असं धरतात. नसेलच जमत तर ताईला केळवणं सुरू व्हायच्या आधी फोन करून सांगा, ऐनवेळी कळलं की आईबाबांना फार लागतं.